गिरणी-कामगार स्त्रिया, मुंबईतील

मुंबईच्या कापडगिरण्यांत मजुरी करणाऱ्या स्त्रियांचा वर्ग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेला हा वर्ग, भारतातील आधुनिक कारखानदारीत वेतनावर काम करणाऱ्या स्त्रियांच्या आद्य समूहांपैकी एक होय. १९२० ते १९३० या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील सु. एकपंचमांश कामगार स्त्रिया होत्या. १९४७ च्या सुमारास हे प्रमाण अकरा-बारा टक्क्यांवर आले आणि पुढील काही दशकांत ते आणखी घसरत जाऊन नगण्य झाले. विशेष असे की, ज्या काळात गिरणी-कामगारांना संघटनेचे, मर्यादित कामाच्या तासांचे व निश्चित वेतनाचे हक्क मिळत गेले, नेमक्या त्याच काळात स्त्रिया या उद्योगातून बाहेर पडत गेल्या. कामगारवर्गाची उन्नती आणि त्याच वर्गातील स्त्रियांची पीछेहाट या दोन घटना एकाच वेळी कशा घडल्या, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. वर्ग आणि लिंगभाव या विषमतेच्या दोन स्वतंत्र बाजू नसून त्या परस्परांत गुंतून कार्य करतात, हे त्यावरून स्पष्ट होते.

गिरण्यांचा उदय व स्त्रियांचे आगमन : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढील अर्धशतकात भायखळा, लालबाग, परळ, दादर, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी होऊन गिरणगाव नावाने ओळखला जाणारा परिसर आकारास आला. कामगारांचा मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातून आणि सातारा व घाटावरील इतर जिल्ह्यांतून होत असे. कोकणातील तुटपुंजी व खडकाळ जमीन कुटुंबाचे वर्षभर पोषण करण्यास अपुरी पडे. त्यामुळे घरातील तरुण पुरुष मुंबईस येई आणि स्त्रिया, मुले व वृद्ध गावी राहत. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सव्वापाचशेच्या आसपास होती, यावरून या स्थलांतराचे स्वरूप लक्षात येते.

गावी राहिलेली स्त्री गिरणीच्या हजेरीपटावर नसली, तरी गिरणीच्या अर्थव्यवस्थेत तिचा वाटा मोठा होता. भातशेती, गुरेढोरे, म्हाताऱ्यांची देखभाल आणि मुलांचे संगोपन ती करी. गिरणी-कामगार आजारी पडला, संपावर गेला वा वृद्धापकाळी कामावरून निघाला, म्हणजे गावचे घरच त्याला आधार देई. मुंबईहून जाणाऱ्या मनीऑर्डरींवर कोकणातील घरे चालतात, असे नेहमी म्हटले जाई. परंतु या व्यवहाराची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. संपूर्ण कुटुंबाच्या निर्वाहास पुरेल एवढे वेतन न देता गिरण्यांना कामगार मिळू शकत, याचे एक प्रमुख कारण म्हणजे गावाकडील स्त्रियांचे विनावेतन श्रम होय.

प्रत्यक्ष गिरणीत येणाऱ्या स्त्रियांत दोन गट ठळकपणे आढळतात. एक, गिरणी-कामगारांच्या पत्नी किंवा मुली. दुसरा, विधवा, परित्यक्ता व निराधार स्त्रिया. दुसऱ्या गटातील स्त्रीला गावच्या जमिनीत हक्क नसे आणि माहेरचा आधारही बेभरवशाचा असे. म्हणून तिच्या दृष्टीने गिरणीची मजुरी ही पुरवणी मिळकत नसून उपजीविकेचे एकमेव साधन होते. असे असूनही, स्त्रीची कमाई म्हणजे पतीच्या कमाईला लागलेला हातभार, ही समजूत मालक, सरकार आणि बहुसंख्य कामगार-पुढारी यांच्यात समान होती. पुढील अनेक निर्णयांच्या मुळाशी हीच समजूत असल्याचे दिसते.

कामाची विभागणी व वेतन : गिरणीत स्त्रियांना सर्व खाती खुली नव्हती. त्यांचे काम मुख्यत्वे रिळिंग व वाइंडिंग या दोन खात्यांत चाले. रिळिंग म्हणजे चातीवरील बॉबिनमधून सूत काढून त्याच्या लडी करणे आणि वाइंडिंग म्हणजे विणकामाच्या पूर्वतयारीसाठी सूत गुंडाळणे. याशिवाय टाकाऊ कापूस व सूत वेचून निवडणे यांसारखी कामेही त्या करीत. सूतकताईच्या म्हणजे कामगारांच्या बोलीतील ‘त्रासन’ खात्यात त्यांची संख्या अल्प होती, तर माग चालविण्याच्या ‘साचा’ खात्यात त्यांना जवळजवळ स्थान नव्हते. चांगले वेतन साचा खात्यात मिळत असे, ही गोष्ट येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

ही विभागणी स्त्रियांच्या शारीरिक क्षमतेवरून झाली, असे तिचे समर्थन केले जाई. तथापि हातमागाच्या परंपरेत सूत कातणे, उकलणे व गुंडाळणे ही कामे घरातील स्त्रिया करीत आणि मागावर पुरुष बसे. गिरणीने ही जुनी घरगुती विभागणी उचलली व तिला वेतनश्रेणीचे रूप दिले. घरात जे काम हलके मानले जाई, ते गिरणीत स्वस्त ठरले. रिळिंग व वाइंडिंगमधील मजुरी कामाच्या मापावर ठरे. सूत वारंवार तुटले किंवा माल कमी आला, तर त्याचा तोटा स्त्रीच्या पदरी पडे. १९२०–३० च्या दशकात स्त्री-कामगाराची सरासरी मासिक मिळकत पुरुषाच्या मिळकतीच्या साधारण निम्मी होती.

या विभागणीला जातीचेही परिमाण होते. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते, या कारणावरून सवर्ण विणकर अस्पृश्य कामगारांस साचा खात्यात येऊ देत नसत. हे कामगार प्रायः कमी वेतनाच्या त्रासन खात्यात असत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. दलित स्त्रीच्या बाबतीत ही बंधने एकावर एक साचत: स्त्री म्हणून तिला मोजकीच खाती खुली होती आणि त्यांतही कोणाशेजारी बसावे, पाणी कोठे प्यावे यांबाबत भेदभाव होताच.

भरती मुकादमामार्फत म्हणजे जॉबरमार्फत होई. स्त्रियांच्या खात्यांत हे काम नाईकीण करी. कामावर घेणे, बदलीच्या दिवशी काम देणे, रजा मंजूर करविणे आणि साहेबाकडे रदबदली करणे हे सारे तिच्या हाती असे. त्याबद्दल दस्तुरी द्यावी लागे. नाईकीण ही स्वतः बहुधा अनुभवी कामगार असे व अडल्यानडल्या बाईस ती आधारही देई; परंतु तिचा अधिकार मालकाच्या मर्जीवर अवलंबून होता. यंत्रावरील कुशल कामाकडे वा देखरेखीच्या वरच्या जागांकडे नेणारी वाट नाईकिणीच्या पदापाशी संपत असे. पुरुष जॉबर वरच्या पदावर चढू शके. नाईकिणीला तशी संधी नव्हती.

घर व गिरणी : भोंगा वाजण्यापूर्वी स्त्री-कामगाराचा दिवस सुरू होई. चाळीतील सार्वजनिक नळावरून पाणी भरणे, भाकऱ्या थापणे, मुलांची सोय लावणे ही कामे उरकून ती गिरणीत जाई आणि परतल्यावर तीच कामे पुन्हा तिची वाट पाहत असत. एका खोलीत एकाहून अधिक कुटुंबे राहणे किंवा कुटुंबाने दोन-चार एकट्या पुरुषांना जेवणासह ठेवून घेणे, ही सर्रास आढळणारी बाब होती. रिळिंगमधील स्त्रिया उशिरा येतात व लवकर जातात, अशी तक्रार गिरण्यांच्या व्यवस्थापकांकडून होत असे. मापावर मजुरी असल्याने हा वेळ त्यांच्याच कमाईतून वजा होई, हे मात्र त्या तक्रारीत नसे.

तान्ह्या मुलाचा प्रश्न सर्वांत बिकट होता. पाळणाघरे मोजक्याच गिरण्यांत होती. मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देण्याची चाल सर्वत्र रूढ होती. मुंबई सरकारच्या वतीने १९२१-२२ मध्ये स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाविषयी पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी, त्यांनी पाहिलेल्या जवळजवळ सर्व अर्भकांना अफू दिली जात असल्याचे नोंदविले. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावली. बाळंतपणासाठी अनेक स्त्रिया गावी जात असल्याने जन्मांची नोंद अपुरी राहून हा आकडा काहीसा फुगलेला असणार. तरीही एका खोलीच्या बिऱ्हाडांत अर्भकमृत्यूचे प्रमाण सर्वांत अधिक होते, याविषयी दुमत नव्हते. बाळगोळी देणाऱ्या मातेला अडाणी ठरविणे सोपे होते. तथापि मजुरी बुडविली तर अन्न नाही आणि मूल सोबत नेले तर काम नाही, अशा पेचात तिने काढलेला तो मार्ग होता.

मध्यमवर्गीय स्त्रीसुधारणेची चळवळ याच काळात शिक्षण, विवाहाचे वय, वारसाहक्क व नोकरीचा हक्क या प्रश्नांभोवती वाढत होती. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ मध्ये पुणे येथे भरले. घराबाहेर पडण्याचा हक्क ही मध्यमवर्गीय स्त्रीची मागणी होती. गिरणीतील स्त्री घराबाहेर कधीच पडलेली होती. तिला हवी होती ती विश्रांती, मुलाची सुरक्षितता आणि श्रमांचे पुरेसे मोल. दोघीही स्त्रियाच असल्या, तरी वर्गभेदामुळे त्यांच्या गरजांचा अग्रक्रम वेगळा होता.

कायद्याचे संरक्षण : १८८१ चा पहिला कारखाना अधिनियम मुख्यत्वे बालकामगारांविषयी होता. १८९१ च्या सुधारणेने स्त्रियांसाठी दिवसाला अकरा तासांची कमाल मर्यादा, दीड तासाची विश्रांती आणि रात्रीच्या कामाला सामान्यतः बंदी, या तरतुदी केल्या. या कायद्यामागे मानवतावादी दृष्टी होती, तसाच भारतीय गिरण्यांच्या स्पर्धेने अस्वस्थ झालेल्या लँकाशरच्या उद्योगाचा दबावही होता. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने स्त्रियांच्या रात्रीच्या कामाविषयी व प्रसूतीविषयी करार संमत केले. यांपैकी रात्रीच्या कामाचा करार सरकारने स्वीकारला; प्रसूतीविषयक करार मात्र स्वीकारला नाही. पहिल्या करारासाठी सरकारला वा मालकाला पैसे खर्चावे लागत नव्हते, दुसऱ्यासाठी लागत होते, हा फरक बोलका आहे.

१९२२ च्या अधिनियमाने स्त्री व पुरुष दोघांसाठीही दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. १९३४ मध्ये ती बारमाही कारखान्यांसाठी अनुक्रमे दहा व चोपन्न तासांवर आली. म्हणजे दिवसाच्या कामापुरते दोघांचे नियम सारखे झाले आणि स्त्रियांसाठी वेगळे असे मुख्य बंधन उरले ते रात्रीच्या कामाचे.

प्रसूतिसाहाय्याचा प्रश्न मुंबई विधिमंडळात आला, तेव्हा आंबेडकरांनी १९२८ मध्ये त्या विधेयकास पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलावा. तथापि स्त्रीच्या श्रमातून मालकाला लाभ होत असल्याने त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ मध्ये संमत झालेला मुंबई प्रसूतिसाहाय्य अधिनियम हा भारतातील या प्रकारचा पहिला कायदा होय. ठराविक मुदतीची नोकरी झालेल्या स्त्रीस प्रसूतीच्या आधी तीन व नंतर चार आठवड्यांपर्यंत दररोज आठ आणे मिळण्याची तरतूद त्यात होती. आर्थिक भार मात्र सर्वस्वी मालकावर टाकण्यात आला. परिणामी, प्रसूतीची शक्यता असलेली स्त्री म्हणजे वाढीव खर्च, असा हिशेब गिरण्यांच्या कचेऱ्यांत मांडला जाऊ लागला. तरुण विवाहित स्त्रियांस नव्याने घेण्याचे टाळणे, नोकरीत खंड पाडून पात्रतेची मुदत पूर्ण होऊ न देणे, या पळवाटा निघाल्या. आंबेडकरांनी सूचित केलेले सार्वजनिक उत्तरदायित्व कायद्यात उतरले असते, तर या हिशेबाचा आधार बऱ्याच अंशी नाहीसा झाला असता.

संघटना व संप : स्त्री-कामगारांनी हे सारे मुकाट्याने सोसले, असे मानणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आठवड्याच्या सुटीसाठी २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या सु. दहा हजार कामगारांच्या सभेत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली. त्याच वर्षी रविवारची सुटी मान्य झाली. १९२८ चा सर्वसाधारण संप एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळजवळ सहा महिने चालला. एका कामगाराने अधिक माग व अधिक चात्या सांभाळाव्यात, या सुसूत्रीकरणाच्या योजनेस त्याचा विरोध होता. गिरणी कामगार युनियनच्या या लढ्यात स्त्रिया गिरण्यांच्या दारांवर पहारा देण्यास, मिरवणुकांत व सभांत पुढे होत्या. पार्वतीबाई भोर व उषाबाई डांगे ही नावे या काळातील स्त्री-कामगारांच्या संघटनाकार्याशी निगडित आहेत. संपफोड्यांना अडविण्यासाठी केरसुण्या घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रियांची आठवण गिरणगावात दीर्घकाळ सांगितली जाई.

संपात पुढे असलेल्या स्त्रिया संघटनेच्या कार्यकारिणीत मात्र क्वचितच दिसत. संध्याकाळच्या सभा, चाळीतील खोलीत रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठका आणि पुढाऱ्यांच्या लेखी असलेले ‘कामगार’ या शब्दाचे पुरुषवाचक रूप, ही त्याची काही कारणे होत. संघटनांची वेतनाची मागणीही पत्नी व मुलांचे पोषण करणाऱ्या पुरुषाला समोर ठेवून केली जाई. ही मागणी मालकांविरुद्ध न्याय्य होती. परंतु तीतून स्त्रीची जागा कमावणारी म्हणून नव्हे, तर अवलंबून असणारी म्हणून पक्की होत गेली. खाते बंद होऊन पुरुष बेकार झाले की, संपाची भाषा होई. रिळिंगमधून स्त्रिया कमी झाल्या की, ती बहुधा घरी परत गेल्याची बाब मानली जाई. विधवा व एकट्या स्त्रियांच्या बाबतीत परतण्याजोगे घर कोठे होते, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

ऱ्हासाची कारणे : गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटण्यामागे एकमेकांस बळ देणारी अनेक कारणे होती. पहिले कारण बाजारपेठेतील बदलाचे. मुंबईच्या गिरण्यांचे सूत पूर्वी मोठ्या प्रमाणावर चीनला जाई व त्यासाठी लडी कराव्या लागत. जपानच्या स्पर्धेमुळे हा व्यापार बसला आणि गिरण्या सूत विकण्याऐवजी स्वतःच कापड विणण्याकडे वळल्या. त्याबरोबर रिळिंग खात्याचे महत्त्व ओसरले. दुसरे कारण यांत्रिकीकरणाचे. वेगवान वाइंडिंग यंत्रे आल्यावर थोड्या हातांत अधिक काम होऊ लागले आणि या यंत्रांवर अनेकदा पुरुष नेमले गेले. तिसरे कारण रात्रीच्या कामाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मागणी वाढून गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या व कामगारांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. परंतु पाळ्या आळीपाळीने बदलत असल्याने, रात्री काम करू न शकणारी स्त्री गैरसोयीची ठरली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने रात्रीची बंदी कायम ठेवली व त्याबरोबर पाळणाघराचे बंधन घातले. प्रसूतिसाहाय्य व पाळणाघर यांचा खर्च हे चौथे कारण होय.

या कारणांपैकी कायद्यांवरच सर्व दोष टाकण्याची प्रथा मालकवर्गात होती. ती अपुरी आहे. स्त्रिया गिरणीच्या सर्व खात्यांत विखुरलेल्या असत्या, तर एखाद्या खात्याच्या ऱ्हासाने वा एखाद्या यंत्राच्या आगमनाने त्यांचा सरसकट निकाल लागला नसता. त्या दोनच खात्यांत एकवटल्या होत्या, म्हणून आघात एकदम झाला. पुरुष-कामगारास एका खात्यातून दुसऱ्यात जाता येई. स्त्रीला जाण्यासाठी दुसरे खाते नव्हते. म्हणजे आरंभी केलेली विभागणी हेच मूळ होते. कायदे, यंत्रे व पाळ्या यांनी त्या मुळाचा परिणाम उघड केला.

वेतनातील समानतेच्या बाबतीतही हाच अनुभव आला. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयी नेमलेल्या समितीने १९७४ च्या आपल्या अहवालात संघटित उद्योगांतील स्त्रियांच्या घटत्या संख्येकडे लक्ष वेधले. १९७६ मध्ये समान वेतन अधिनियम संमत झाला व पुढे त्यातील तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट करण्यात आले. समान कामास समान वेतन हे तत्त्व निर्विवाद आहे. तथापि जेथे स्त्री व पुरुष यांना समान काम दिलेच जात नाही, तेथे तुलनेसाठी आधार उरत नाही. मुंबईच्या गिरण्यांत हा कायदा आला, तेव्हा त्याचा लाभ घेण्यास फारच थोड्या स्त्रिया शिल्लक होत्या.

गिरणीबाहेर गेलेले श्रम : गिरणीतून बाहेर पडलेली स्त्री श्रमातून बाहेर पडली नाही. एकट्या पुरुष-कामगारांसाठी खानावळ चालविणे हा गिरणगावातील स्त्रियांचा जुना व्यवसाय होता. दहा-पंधरा जणांचा स्वयंपाक राहत्या खोलीतच होई व पैसे महिन्याच्या पगारानंतर मिळत. तोवर किराणा सावकाराच्या कर्जावर आणावा लागे. या स्त्रियांना संघटित करून बँकांचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९५९ मध्ये गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या कर्जावर सुरू केलेला लिज्जत पापडाचा गृहोद्योग हाही घरातील श्रमांना सहकारी रूप देण्याचा प्रयत्न होता. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली झालेल्या महागाईविरोधी आंदोलनात कामगार व मध्यमवर्गीय स्त्रिया लाटणी घेऊन एकत्र रस्त्यावर आल्या. अहमदाबादेत मजूर महाजनाच्या महिला विभागातून इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना उभारली. तिच्या स्थापनेमागेही, गिरण्यांच्या हजेरीपटाबाहेर राहिलेल्या स्त्रीच्या श्रमांना कामगार म्हणून मान्यता मिळावी, हाच हेतू होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार सामील झाले. तोवर गिरण्यांत स्त्रिया तुरळकच होत्या. तरीही संप दीर्घकाळ चालू राहिला, याचे श्रेय मोठ्या अंशी गावी शेती करणाऱ्या आणि मुंबईत धुणीभांडी, भाजीविक्री, शिवणकाम वा मापावरील घरगुती कामे पत्करणाऱ्या स्त्रियांना द्यावे लागते. खानावळवाल्या स्त्रियांची गिऱ्हाइकांकडील येणी थकली आणि त्या कर्जात बुडाल्या. संपानंतर अनेक गिरण्या बंद पडत गेल्या व त्यांच्या जमिनींवर कचेऱ्या, दुकाने आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. यांपैकी अनेक इमारतींत झाडलोट व घरकाम करणाऱ्यांत जुन्या कामगार वस्त्यांमधील स्त्रियाही आढळतात.

मूल्यमापन : गिरणी-कामगार स्त्रियांच्या इतिहासाकडे केवळ वर्गाच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांची पीछेहाट ही यांत्रिकीकरणातील एक सर्वसाधारण घटना वाटते, केवळ स्त्री-पुरुषभेदाच्या दृष्टीने पाहिले, तर साचा खात्यातील पुरुष आणि रिळिंगमधील स्त्री या दोघांनाही पिळणारी व्यवस्था नजरेआड होते. प्रत्यक्षात भांडवलाने घरातील विषमता वापरून श्रम स्वस्त केले आणि गिरणीतील कमी वेतनाने घरातील विषमता पुन्हा दृढ केली. तिची कमाई थोडी, म्हणून तिची नोकरी गौण. नोकरी गौण, म्हणून घरकाम तिचेच. आणि घरकाम तिचे, म्हणून तिला वरचे काम देता येत नाही, असे हे चक्र होते.

या चक्रातील काही दुवे कायद्याने तोडले आहेत. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने प्रसूतीचा खर्च विमानिधीवर टाकण्याचे तत्त्व आणले. १९६१ च्या केंद्रीय अधिनियमाने प्रसूतिरजेचे लाभ इतर आस्थापनांत विस्तारले आणि २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांपर्यंत वाढविली. कामगारांची सुरक्षितता, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयक २०२० च्या संहितेत, स्त्रीच्या संमतीने व सुरक्षिततेच्या अटींवर तिला रात्री काम करण्याची मुभा देण्यात आली. तथापि २६ आठवड्यांच्या रजेचे वेतन विमायोजनेबाहेरील आस्थापनांत अद्याप मालकावरच पडते, म्हणजे १९२९ मधील पेच तेथे कायम आहे. घरकाम, बांधकाम व घरबसल्या मापावर चालणारी कामे यांतील असंख्य स्त्रियांचा मालक कोण, हेच निश्चित नसते. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा अधिनियम झाला, ही मान्यतेची पहिली पायरी होय.

मुंबईच्या ज्येष्ठ कामगार-कवींपैकी एक, नारायण सुर्वे यांना वाढविणारे गंगाराम व काशीबाई हे दोघेही गिरणीत काम करीत. अशा असंख्य काशीबाईंच्या श्रमांवर गिरणगाव उभे राहिले. परंतु गिरणगावाच्या स्मरणात त्यांचा उल्लेख कामगाराची पत्नी वा माता म्हणून जितका होतो, तितका कामगार म्हणून होत नाही. हजेरीपटावरील नाव पुसले गेले की श्रमाचा इतिहासही पुसला जातो. गिरणी-कामगार स्त्रियांच्या अभ्यासाचे महत्त्व या दृष्टीने केवळ ऐतिहासिक नाही: संरक्षणाचा खर्च कोणी सोसावा आणि कोणते काम कोणासाठी राखून ठेवावे, या दोन प्रश्नांची जी उत्तरे समाज देतो, त्यांवर आजही स्त्रीचे कामगार म्हणून असलेले स्थान अवलंबून आहे.